तेहतीस अनारसे आणि हजार कॉम्प्युटर

ज्या आठवड्यात वैजयंती घोलपच्या दुकानातून एकही अनारसा विकला गेला नाही, नेमक्या त्याच आठवड्यात त्या दुकानासाठी हजारावर कॉम्प्युटर रात्रंदिवस राबत होते. कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुकान संगमनेरात, कॉम्प्युटर दूर कुठल्या तरी शहरात, आणि भाड्याचा आकडा वैजयंतीच्या हातातल्या पडद्यावर! तिने त्यातली शून्यं बोटाने मोजली, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजली. शून्यं तेवढीच भरली.

"शालू," ती म्हणाली, "अण्णांना बोलाव बरं."

शालू म्हणजे शाल्मली, वैजयंतीची मुलगी, सहावीत शिकणारी. अण्णा म्हणजे वैजयंतीचे वडील, शाल्मलीचे आजोबा. त्यांनी उभी हयात उपग्रहांचे कॉम्प्युटर बनवण्यात घालवली होती. आता निवृत्तीनंतर ते घरातलं प्रत्येक चालू यंत्र उघडून बघत. मिक्सर तर अण्णांची चाहूल लागली की आपणहून बंद पडतो, असं वैजयंती म्हणायची.

आता हे दुकान कसलं, ते सांगायला हवं. अधिक महिना तुम्ही ऐकला असेल. चंद्राच्या चालीने मोजलेलं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान भरतं. ही तूट साठत जाते, म्हणून आपल्या पंचांगात दर अडीच-तीन वर्षांनी एक जास्तीचा महिना घालतात. त्या महिन्यात सासूबाई जावयाला तेहतीस अनारसे देतात. तेहतीसच का, ते जावयाला विचारू नका, त्याचं तोंड भरलेलं असतं.

वैजयंतीने यावरच धंदा उभा केला होता. तिच्या ॲपचं नाव 'तेहतीस'. सासूबाई लातूरला असोत नाहीतर टोरांटोला, त्यांनी बटण दाबलं की संगमनेरात झाऱ्या नावाचा यंत्रमानव कढईत अनारसे सोडायचा, डबे भरले जायचे आणि जवळपासच्या गावांना ड्रोन ते घेऊन उडायचे. एरवी दिवसाला चार-दोन ऑर्डरी, या आठवड्यात तर त्याही नव्हत्या. अधिक महिन्यात मात्र महापूर येणार, असा तिचा हिशोब होता. दुकान सुरू झाल्यापासूनचा हा पहिलाच अधिक महिना, आणि तो चार दिवसांवर आला होता.

तो नीट पार पडला तर दुकान टिकणार होतं. नाहीतर चाकणच्या एका बिस्किटांच्या कारखान्याने वैजयंतीला नोकरी देऊ केली होती, ती घ्यायची आणि संगमनेर सोडायचं. अण्णांनी आधीच सांगितलं होतं की या वयात मी कुठेही येणार नाही. म्हणजे अण्णा इथे एकटे राहणार. शाल्मलीच्या मनात हे आलं की तिचा घास तोंडातच फिरायचा.

अण्णा आले. त्यांनी आकडा पाहिला आणि शीळ घातली.

"अण्णा, आपलं 'तेहतीस' राहतं तरी कुठे?" शाल्मलीने विचारलं. "आई म्हणते ढगात."

"ढगात पाणी राहतं गं. कॉम्प्युटर ठेवले तर कुणाच्या तरी टाळक्यात पडतील. याला म्हणतात क्लाउड होस्टिंग (आपले प्रोग्राम आणि आपली माहिती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याने ठेवणे). आपली कंपनी मेघशाळा. त्यांची गोदामाएवढी इमारत असते, आत सर्व्हरच्या (इतर कॉम्प्युटरना हवी ती माहिती पुरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) रांगाच्या रांगा. त्यातला एक आपण भाड्याने घेतलाय."

"मग आपणच एक विकत का घेत नाही?"

"तुझ्या मावशीच्या लग्नात एवढी माणसं जेवली. पातेली कुठून आणली होती?"

"मांडववाल्याकडून."

"विकत का नाही घेतली?"

शाल्मली हसली. "एवढी पातेली ठेवणार कुठे? आणि रोज त्यात दोन वाट्या वरण करायचं?"

"झालं तर! अधिक महिना हे आपलं लग्न. गर्दी झाली की जास्त सर्व्हर घ्यायचे, ओसरली की परत करायचे. याला लवचीकता (गरजेप्रमाणे ताणणे आणि आखडणे) म्हणतात. शिवाय ती पातेली घासायची कुणी? मांडववाल्याने. सर्व्हर गरम झाला, बिघडला, जुना झाला, तर बघणार मेघशाळावाले. आपली झोप मोडत नाही."

"माझी मोडली आहे ना!" वैजयंती कडाडली. "पातेली परत करायला कोण विसरलं, ते सांगा आधी."

खरा प्रश्न तोच होता. मेघशाळेने दहा दिवसांपूर्वी वैजयंतीला एक मदतनीस दिली होती. तिचं नाव नभा. नभाला शरीर नव्हतं, नुसता आवाज होता. दुकानात बोललेलं ऐकायचं आणि त्याप्रमाणे मेघशाळेतली कामं करायची, एवढंच तिचं काम.

"नभा," अण्णांनी विचारलं, "आमच्यासाठी किती सर्व्हर चालू आहेत?"

"एक हजार चोवीस," नभा गोड आवाजात म्हणाली.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मालकीणबाईंच्या. त्या दररोज सायंकाळी तशी आज्ञा देतात."

"मी?" वैजयंतीचा आवाज चढला. "मी असलं काही सांगितलं नाही. खोटारडी आहे ही! मला हिच्याशी बोलायचंच नाही." आणि तिने रागारागाने ओटा पुसायला घेतला. ओटा पुसून झाला, देवापाशी दिवा लागला, आणि वैजयंती थकून म्हणाली, "चला, दुकान वाढवा आता."

"वाढवले आहे," नभा म्हणाली.

शाल्मली ताडकन उठली. "आई! काय म्हणालीस तू?"

"काय म्हणाले? रोज म्हणते तेच."

"अगं, झाऱ्याने गेल्या महिन्यात काय केलं होतं, आठव!"

झाऱ्याची गंमत अशी. पीठ सैल झालं की अनारसा तुपात फुटून विरघळतो. पण बायका 'फुटला' म्हणत नाहीत, 'हसला' म्हणतात. पहिल्याच दिवशी वैजयंती ओरडली होती, "अगं बाई, अनारसा हसला!" त्यावर झाऱ्या म्हणाला, "मलाही आनंद झाला," आणि त्याच पिठाचे आणखी डझनभर अनारसे त्याने कढईत सोडले. सगळे हसले. एकटी वैजयंती सोडून.

"तसंच झालंय हे," शाल्मली घाईघाईने सांगू लागली. "आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. दुकान बंद करा म्हणणं बरं नाही, म्हणून तू म्हणतेस वाढवा. पण नभाला कुठे माहीत? तिला वाटतं, खरंच वाढवायचंय!"

अण्णांनी नभाला विचारलं, "वाढवणे म्हणजे तू काय करतेस?"

"आहे त्याच्या दुप्पट करते."

शाल्मलीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी एकाचे दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस... दहाव्या संध्याकाळी एक हजार चोवीस. दुप्पट ही अशी चोरपावलांनी वाढते. सुरुवातीला कुणाचं लक्ष जात नाही, आणि लक्ष जातं तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि आत्ताच त्याचे दोन हजार अठ्ठेचाळीस झाले होते!

"नभा, एकच ठेव!" तिघंही एकदम ओरडले.

नभाचाही सगळा दोष नव्हता म्हणा. ती मराठी शिकली होती सरकारी परिपत्रकं आणि कंपन्यांचे अहवाल वाचून. तिथे सगळं वाढतं ते खरोखरच वाढतं. आणि मेघशाळेचे इशारेही रोज येत होते. पण ते इतके लांबलचक असत की वैजयंती न वाचताच पुढे सरकवायची. तिने मेघशाळेला फोन लावला. तिकडचा मुलगा आधी खूप हसला, मग त्याने माफी मागितली आणि बरंचसं भाडं माफ केलं. वैजयंती मात्र हसली नाही.

"मला हे भाड्याचं घरच नको," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या दारात मीटर फिरतोय आणि मला पत्ता नाही! माझं दुकान माझ्या घरात राहील."

भाड्याची बाजू समजावून सांगितली असली, तरी अण्णांना मनातून तेच हवं होतं. त्यांनी माळ्यावरून स्वतः बनवलेला एक कॉम्प्युटर खाली उतरवून घेतला. चांगला गोदरेजच्या कपाटाएवढा होता. "मला पहिल्यापासून वाटत होतं," ते धूळ झटकत म्हणाले. "सासवा काय काय लिहितात ऑर्डरीत! जावयाला साखरेचा आजार आहे, जावई रुसलाय, जावयाचा पत्ता बदललाय. ही खाजगी माहिती परक्याच्या इमारतीत कशाला? आणि उद्या मेघशाळेने भाडं वाढवलं तर काय करणार? मांडववाला गावात दुसरा मिळतो. इथे तसं नाही."

तसं नव्हतंच. मेघशाळेचे कितीतरी तयार तुकडे वैजयंतीने 'तेहतीस'मध्ये वापरले होते, ते घरच्या कॉम्प्युटरवर चालेनात. भाड्याच्या घरात भिंतीत कपाटं बसवून घ्यावीत आणि निघताना ती उचलताच येऊ नयेत, तशी गत झाली. अण्णांनी आणि वैजयंतीने ते तुकडे नव्याने बनवले. कसंबसं अधिक महिन्याच्या आदल्या संध्याकाळी काम उरकलं.

"पण अण्णा, गर्दी झेपेल ना याला?" शाल्मलीने विचारलं.

"मी बनवलेली यंत्रं अवकाशात चालतात. ती काय तुझ्या सासवांना भिणार?"

"माझ्या नाहीत हं," शाल्मली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिक महिना लागला आणि देशोदेशीच्या सासूबाईंनी एकाच वेळी बटणं दाबली. पहिला तास अण्णांच्या त्या कपाटाने नेटाने काढला. मग एकेक ऑर्डर घ्यायला त्याला वेळ लागू लागला. ऑर्डर जात नाही म्हणून सासूबाई पुन्हा बटण दाबत, त्यामुळे गर्दी आणखी वाढे. त्यात अण्णांनी ते ठेवलं होतं स्वयंपाकघराच्या भिंतीला, कारण चांगला प्लग तिथेच होता. तुपाची वाफ पंख्यात जाऊन बसली, पंखा जाम झाला, कपाट तापलं आणि एक लांब उसासा टाकून बंद पडलं.

झाऱ्याची कृतीही त्याच कपाटात होती. तो हातातला झारा उंच धरून जागच्या जागी थिजला. कढईतले अनारसे काळे पडू लागले, तेव्हा शाल्मलीने धावत जाऊन गॅस बंद केला. फोन थांबायला तयार नव्हता. एक बाई तर रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "अहो, जावई येऊन बसलेत, मी त्यांना तिसऱ्यांदा चहा दिलाय!"

वैजयंती जमिनीवरच बसली. मग म्हणाली, "अण्णा, मी चाकणला हो म्हणून कळवते."

अण्णांचा चेहरा पडला. "चूक माझी आहे, वैजू. उगाच बढाई मारली मी. अवकाशातल्या यंत्राला एवढी माणसं एकदम भेटायला येत नाहीत, हे विसरलोच."

शाल्मलीला रडू फुटणार होतं. पण अण्णांच्या त्या वाक्यात काहीतरी होतं, ते तिच्या डोक्यात घोळू लागलं.

"अण्णा, उपग्रहाचं आणि जमिनीचं बोलणं मध्येच तुटलं तर तो काय करतो?"

"आपलं आपण चालत राहतो. जगायला जेवढं लागतं तेवढं त्याच्याजवळ असतं. तोंड सूर्याकडे ठेवायचं, तापमान सांभाळायचं, टिपलेली चित्रं साठवायची."

"आणि बाकीचं?"

"बाकीची मोठी आकडेमोड जमिनीवरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. सगळं वर नेलं तर रॉकेट उडणारच नाही."

"मग आपणही तसंच करूया ना! झाऱ्याला लागतं तेवढं घरात. गर्दी मेघशाळेत."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. सगळं आयुष्य त्यांनी हेच तर केलं होतं, आणि घरच्या अनारशांच्या वेळी त्यांना ते सुचलं नव्हतं! त्यांनी नातीच्या पाठीत असा काही धपाटा घातला की ती पुढे गेली.

"वैजू, ऊठ! याला मिश्र पद्धत (काही काम घरच्या कॉम्प्युटरवर, काही भाड्याच्या) म्हणतात. हे पोर बरोबर बोलतंय."

वैजयंती उठली. ती कंबर कसून कामाला लागली की घरात कुणी तिच्या वाटेत येत नसे. दुकानाचा दर्शनी भाग, म्हणजे फोटो, किमती, बटणं, पैसे घेणं, हे सगळं तिने मेघशाळेत परत नेलं. झाऱ्याची कृती, त्या दिवशीच्या ऑर्डरी आणि जावयांच्या खाजगी गोष्टी घरात राहिल्या. घराला आग लागली किंवा कपाट कायमचं बसलं तर? म्हणून खाजगी माहितीची एक प्रत सांकेतिक लिपीत (किल्ली असल्याशिवाय वाचता न येणाऱ्या लिखाणात) करून मेघशाळेत ठेवली. किल्ली फक्त वैजयंतीकडे. अण्णांनी पंखा साफ केला आणि कपाट स्वयंपाकघरातून ढकलत पुढच्या खोलीत नेलं, तेही कुरकुर न करता.

"आणि नभाचं काय?" शाल्मलीने विचारलं.

"नभाला मर्यादा घालून देऊ. वीस सर्व्हरच्या वर एकही घ्यायचा असेल तर आधी मला विचारायचं. कुणी काहीही म्हणालं तरी."

दुपारपर्यंत दुकान पुन्हा उघडलं. गर्दी आली तशी नभाने एकाचे पाच केले, पाचाचे बारा. सासूबाईंना कळलंही नाही. संध्याकाळी गर्दी ओसरली तसे तिने दहा परत करून टाकले. त्या चहावाल्या बाईंच्या दारात ड्रोन उतरला, तेव्हा म्हणे जावईबापूंनी उठून टाळ्या वाजवल्या.

खरी परीक्षा पुढेच होती. महिना अर्धा सरला असेल नसेल, तोच रस्ता खोदणाऱ्या यंत्राने कोपऱ्यावर इंटरनेटची तार तोडली. मोबाइलचा टॉवरही त्याच तारेवर होता. सगळ्या पेठेचं इंटरनेट गेलं. समोरच्या लोणचेवाल्या आशाताईंचं दुकान जागच्या जागी थांबलं, कारण त्यांचा सगळा कारभार ढगात होता. शेजारच्या गॅरेजवाल्या शकीलभाईंना कुणाची गाडी कधी द्यायची तेच कळेना.

घोलपांच्या घरात मात्र कढई सुरूच होती. झाऱ्याला त्या दिवशीच्या ऑर्डरी ठाऊक होत्या, ड्रोनमध्ये पत्ते आधीच भरलेले होते. पण नव्या ऑर्डरी येताहेत की नाही, ते मात्र कुणालाच कळत नव्हतं. वैजयंती सारखी पडद्याकडे बघायची आणि पुन्हा अनारसे थापायला लागायची. शाल्मलीने दहा वेळा विचारलं, "आल्या असतील ना गं?" दहाही वेळा वैजयंती म्हणाली, "मला काय माहीत?"

दिवेलागणीला तार जोडली गेली. मेघशाळेतल्या दर्शनी दुकानाने दिवसभर एकाही गिऱ्हाइकाला परत पाठवलं नव्हतं. जमा झालेल्या ऑर्डरी एकदम घरच्या कपाटात उतरू लागल्या, आणि घरच्याने दिवसभराची कामं तिकडे कळवली. दोघांनी आपापलं टिपण ताडून पाहिलं. एकही अनारसा कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. वैजयंतीने पहिल्यांदा पाठ टेकली.

"म्हणजे ढग चांगला की घर चांगलं?" शाल्मलीने विचारलं.

"तो प्रश्नच चुकीचा आहे," अण्णा म्हणाले. "विचारायचं असं, की कुठलं काम थांबलेलं आपल्याला चालणार नाही? ते जवळ ठेवायचं. कुठलं काम कधी फुगेल याचा नेम नाही? ते भाड्याच्या जागेत ठेवायचं. आणि मीटरवर डोळा ठेवायचा. प्रत्येक दुकानाचं उत्तर वेगळं येईल. तुझ्या आईचं आलं, ते आशाताईंचं येईलच असं नाही."

आशाताई आणि शकीलभाई त्याच वेळी दारात येऊन उभे होते. त्यांना अण्णांचं कपाट बघायचं होतं. आमचंही थोडं यात मावेल का, असं शकीलभाईंनी विचारलं. अण्णा विचारात पडले. या तालुक्यातल्या माणसांनी आपापलं थोडं थोडं दूध एकत्र करून मोठ्या संस्था उभ्या केल्या होत्या. मग थोडे थोडे कॉम्प्युटर एकत्र का करू नयेत? पेठेतल्या दुकानांचा एक छोटा, आपल्या मालकीचा सहकारी ढग! सगळ्यांच्या माहितीच्या प्रती त्यात राहतील, आणि मोठी गर्दी आली तरच बाहेरचं भाडं. रविवारी बैठक घ्यायची ठरलं. आशाताई म्हणाल्या, लोणच्याची बरणी मी आणते, म्हणजे सगळे वेळेवर येतील.

ते दोघे जाताहेत तोच चाकणहून फोन आला. कारखान्याच्या साहेबांना उत्तर हवं होतं. वैजयंतीचे हात पिठाने आणि खसखशीने माखलेले, म्हणून शाल्मलीने फोन तिच्या कानाला धरला. अण्णा बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

"नाही साहेब," वैजयंती म्हणाली. "मला नाही जमणार. या महिन्यात मलाच दोन माणसं कामावर घ्यायची आहेत. मी कुठे तुमच्याकडे येऊ?"

शाल्मलीने फोन ठेवला आणि आईच्या गळ्यात पडली. पीठ दोघींच्याही अंगभर झालं. अण्णा बाहेरून आत आले. त्यांनी डोळे कोरडे करून घेतले होते, पण फारसे नीट नाही. पाट ओढून ते लेकीच्या शेजारी बसले.

"दे इकडे पीठ," ते म्हणाले. "मला अनारसे थापायला शिकव."

"आधी हात धुऊन या," वैजयंती म्हणाली.